‘द अमेरिकन्स’, पर्व ३, भाग १० : पेजला खरे सांगितले, हे योग्य झाले का?

प्रश्न : रेवती_स

नमस्कार. ‘द अमेरिकन्स’ ही मालिका मी आणि माझी एकोणीस वर्षांची मुलगी, दोघींनी मिळून गेल्या तीन महिन्यांत पूर्ण पाहिली. संपल्यावर आम्ही तिसऱ्या पर्वातील ‘स्टिंगर्स’ हा दहावा भाग पुन्हा लावला, कारण त्या भागावरून आमच्यात सुरू झालेला वाद आठवडा उलटला तरी मिटलेला नाही. तो येथे मांडावा असे वाटले. ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी कृपया पुढे वाचू नये. शेवटच्या भागापर्यंतचे उल्लेख येणार आहेत आणि रसभंग होईल.

ज्यांनी ती फार पूर्वी पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडी आठवण करून देते. कथा 1981 मध्ये, वॉशिंग्टनजवळच्या फॉल्स चर्च या उपनगरात सुरू होते. फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज हे प्रवास कंपनी चालवणारे जोडपे प्रत्यक्षात केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेचे अधिकारी आहे. दोघांना सोव्हिएत संघात घडवले गेले, अमेरिकन नावे दिली गेली, एकमेकांशी लग्नही वरिष्ठांनीच लावून दिले. पेज आणि हेन्री ही त्यांची मुले मात्र अमेरिकेतच जन्मली आणि त्यांना यातले काहीही ठाऊक नाही. पहिल्याच भागात समोरच्या घरात राहायला येतो तो स्टॅन बीमन, एफबीआयचा अधिकारी.

पेजला संशय येऊ लागतो तो एका दिवसात नव्हे. पहिल्या पर्वाच्या अगदी शेवटी ती तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत, काहीतरी शोधत उभी असते. दुसऱ्या पर्वात ती कोणालाही न सांगता बसने पेनसिल्व्हेनियाला जाते, कारण आईची हेलन नावाची आत्या खरोखर अस्तित्वात आहे का, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते. आणि तिसऱ्या पर्वात, 1 एप्रिल 2015 रोजी प्रथम प्रसारित झालेल्या या भागात, ती आईवडिलांना स्वयंपाकघरात गाठते आणि खरे काय ते मला सांगा, म्हणते. त्यानंतरची काही मिनिटे मला विसरता येत नाहीत. पार्श्वसंगीताने तो प्रसंग कुठेही फुगवलेला नाही. नवराबायको एकमेकांकडे पाहतात, आणि आपला जन्म दुसऱ्या देशात झाला इथून सुरुवात होते. ‘हेर’ हा शब्द त्या दोघांच्या जिभेवर येत नाही. तो पेजलाच उच्चारावा लागतो. आणि सांगून होते न होते तोच तिला बजावले जाते की, हे कोणालाही सांगायचे नाही, हेन्रीला नाही, चर्चमधल्या पाद्री टिमलाही नाही, कारण ते बाहेर फुटले तर आम्ही दोघे कायमचे तुरुंगात जाऊ.

माझ्या मुलीचे म्हणणे असे की, सांगितले हे बरेच झाले, उलट फार उशिरा सांगितले. स्वतःच्या आईवडिलांची नावेसुद्धा खरी नाहीत हे न कळता मोठे होणे म्हणजे त्या मुलीची फसवणूक आहे. मला मात्र तो प्रसंग पाहताना सतत वाटत राहिले की, यांनी तिला काही दिले नाही, आपल्या डोक्यावरचे ओझे तिच्या डोक्यावर ठेवले. त्या भागाचा शेवट आठवा. स्टॅन नेहमीसारखा जेवायला येतो, सगळे एका टेबलाभोवती बसतात, आणि पेज त्याच्याकडे पाहत राहते. कालपर्यंत तो शेजारचा काका होता. आज तो असा माणूस आहे, की ज्याला हिने एक वाक्य सांगितले तर हिचे घर संपेल. तिला एक दिवसाचाही अवधी मिळालेला नाही. पहिल्याच जेवणाला तिला आईवडिलांसारखे वागावे लागते.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, असे छुप्या ओळखीने राहणारे हेर खरोखर मुले वाढवत होते का, आणि त्या मुलांना केव्हा व कसे कळले? दुसरा, आपल्यापैकी ज्यांनी मालिका पाहिली आहे त्यांना हा निर्णय कसा वाटला?

प्रतिसाद : हेमंत_द

रेवतीताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे, आणि खऱ्या गोष्टी मालिकेपेक्षा कमी चटका लावणाऱ्या नाहीत.

वकिलातीत नेमलेला हेर पकडला गेला तर राजनैतिक संरक्षणामुळे त्याला फार तर देशाबाहेर काढले जाते. ज्यांना ‘इल्लीगल्स’ म्हटले जाते त्यांना हे संरक्षण नसते. आपल्या देशाशी त्यांचे उघड नातेच नसते. त्यांना ओळख दिली जाते ती पुष्कळदा एखाद्या मृत बालकाची. लहानपणीच वारलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळवायचा आणि त्या नावाने एक संपूर्ण माणूस उभा करायचा, अशी ही पद्धत आहे.

27 जून 2010 रोजी एफबीआयने अमेरिकेत रशियाच्या अशा दहा जणांना पकडले. त्यांपैकी एक जोडपे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला डोनाल्ड हीथफील्ड आणि ट्रेसी फोली या नावांनी राहत होते. त्यांची खरी नावे आंद्रेई बेझ्रुकोव्ह आणि एलेना वाविलोव्हा. हीथफील्ड आणि फोली ही नावे कॅनडात तान्हेपणी दगावलेल्या बालकांची होती. त्यांना दोन मुलगे होते आणि अटकेचा तो दिवस नेमका थोरल्याच्या विसाव्या वाढदिवसाचा होता. दारावर थाप पडली तेव्हा घरच्यांना वाटले की, मित्रमंडळी शुभेच्छा द्यायला आली. आपल्याला यातले काहीही माहीत नव्हते, असे त्या मुलांनी पुढे सांगितले आहे. 9 जुलै रोजी व्हिएन्नाच्या विमानतळावर हे दहा आणि रशियाने सोडलेले चार अशी अदलाबदल झाली. मुले टोरांटोत जन्मली होती म्हणून जन्माने कॅनेडियन होती, पण परक्या सरकारच्या नोकरांची मुले म्हणून त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. धाकट्याने त्याविरुद्ध दाद मागितली आणि 19 डिसेंबर 2019 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो कायदा ज्यांना राजनैतिक संरक्षण असते त्यांच्या मुलांपुरताच आहे, असा त्याचा आशय आहे. आज कॅनडात प्रशासकीय कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘वाविलोव्ह’ खटला वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका मुलाने मी कोण आहे असे विचारले आणि त्याचे उत्तर देशाच्या कायद्याचा पाया होऊन बसले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियानात, एक अर्जेंटिनी म्हणवणारे जोडपे दोन लहान मुलांसह राहत होते. डिसेंबर 2022 मध्ये त्यांना अटक झाली आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी अंकारामार्गे झालेल्या मोठ्या अदलाबदलीत ते रशियाला परतले. आपण रशियन आहोत हे त्या मुलांना विमानात बसल्यावर कळले, असे रशियन सरकारच्याच प्रवक्त्याने सांगितले. मॉस्कोत विमानाच्या पायऱ्यांशी पुतिन उभे होते आणि त्यांनी मुलांना स्पॅनिशमध्ये ‘शुभ रात्री’ म्हटले, कारण मुलांना रशियन येत नव्हते.

आणखी एक उदाहरण या मालिकेला सर्वांत जवळचे आहे. जॅक बार्स्की या नावाने अमेरिकेत राहिलेला केजीबीचा हेर मूळचा पूर्व जर्मन होता. हे नावही दहाव्या वर्षी वारलेल्या एका मुलाचे. 1988 मध्ये त्याला परत येण्याचा आदेश मिळाला, पण लहान मुलीला सोडून जाणे त्याला जमले नाही. आपल्याला एड्स झाला आहे असे खोटेच कळवून तो तिथेच राहिला. पुढे एफबीआयला सुगावा लागल्यावर त्यांनी पाळतीसाठी त्याच्या शेजारचे घर विकत घेतले आणि त्याच्या घरात ध्वनियंत्रे बसवली. बायकोशी झालेल्या भांडणात त्याने स्वतःच सांगून टाकले की, आपण केजीबीसाठी काम करत होतो, आणि ते वाक्य एफबीआयने ऐकले. बायकोशी एकदाच खरे बोलला आणि त्यातच सापडला.

प्रतिसाद : सदानंद_वि

हेमंतरावांनी दिलेली माहिती मोलाची आहे. मला दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे, आणि रेवतीताई, येथे मी तुमच्याही पुढे जाऊन म्हणेन की, ‘खरे सांगितले’ हा शब्दप्रयोगच मला मान्य नाही.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी काय कळते ते विसरून चालणार नाही. फिलिप-एलिझाबेथसारख्याच दुसऱ्या एका जोडप्याचा आणि त्यांच्या मुलीचा खून होतो, आणि तो करणारा त्यांचा स्वतःचा मुलगा जॅरेड असतो. त्याला केजीबीने परस्पर आपल्याकडे ओढले होते. त्याच वेळी केजीबीतील त्यांची वरिष्ठ क्लॉडिया सांगते की, दुसऱ्या पिढीचे हेर तयार करायचे आहेत आणि पुढचे नाव पेजचे आहे. यामागचा हिशेब थंड डोक्याचा आहे : अमेरिकेतच जन्मलेल्या, खरा जन्मदाखला असलेल्या मुलीची कितीही पार्श्वभूमी तपासली तरी तिला सीआयएमध्ये किंवा एफबीआयमध्ये नोकरी मिळण्यात अडचण येणार नाही. तिसरे पर्वभर फिलिपचा याला विरोध आहे आणि एलिझाबेथ मात्र मुलीला हळूहळू तयार करते आहे. म्हणजे पेजने स्वयंपाकघरात प्रश्न विचारला तेव्हा उत्तर आधीपासून घडवून ठेवलेले होते. वेळ तेवढी तिने निवडली.

त्या उत्तरात काय नव्हते तेही पाहा. आम्ही शांततेसाठी काम करतो, ज्यांना लढता येत नाही त्यांच्यासाठी लढतो, असे तिला सांगितले गेले. आम्ही माणसे मारतो, हे सांगितले नाही. एका सरकारी कचेरीतल्या मार्था नावाच्या एकाकी बाईशी तुझ्या वडिलांनी दुसऱ्या नावाने लग्न केले आहे, हे सांगितले नाही. सहाव्या पर्वात पेजला आईच्या कामाची ती दुसरी बाजू कळते तेव्हा ती ज्या संतापाने आईवर तुटून पडते, त्या संतापाचे मूळ मला याच प्रसंगात दिसते. सगळेच लपवले असते तर ती कदाचित फसवणूक म्हणून विसरली असती. अर्धे सांगून ते पूर्ण म्हणून दिले, हे तिला विसरता आले नाही.

एलिझाबेथवर माझा राग नाही, हेही नोंदवतो. केरी रसेलने त्या बाईचा जो कोरडा, न रडणारा जिव्हाळा उभा केला आहे, तो पाहिल्यावर तिच्यावर रागावता येत नाही. तिला मनापासून वाटते की, मुलीला देण्यासारखे आपल्याकडे सर्वांत मौल्यवान जे आहे ते म्हणजे हे कार्यच. तिच्यापाशी मुलीला देण्यासारखे दुसरे काही नव्हते, हे मला जास्त दुःखद वाटते.

प्रतिसाद : फेअरफॅक्सवासी

मी गेली अठरा वर्षे उत्तर व्हर्जिनियात राहतो. फॉल्स चर्च माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. मालिकेचे चित्रीकरण बहुतांशी न्यूयॉर्कच्या परिसरात झाले असले तरी या भागाचे वातावरण तिने अचूक पकडले आहे. सीआयएचे मुख्यालय असलेले लँगली इथून जवळ आहे आणि शेजाऱ्याने ‘सरकारी नोकरी आहे’ एवढेच सांगितले, तर पुढे विचारू नये, असा इथला अलिखित रिवाज आहे. ज्यांच्या मुलांबरोबर माझी मुले शाळेच्या बसला उभी राहिली, त्यांतल्या काहींचे आईवडील नेमके काय करतात हे मला आजही ठाऊक नाही.

म्हणूनच मालिकेचा निर्माता जो वाइसबर्ग हा स्वतः सीआयएमध्ये नोकरी केलेला माणूस आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. नोकरीच्या काळात त्याने असे सहकारी पाहिले होते, जे आपल्या मुलांना आपण काय काम करतो ते सांगू शकत नव्हते. 2010 च्या अटकांनंतर या मालिकेची कल्पना आकाराला आली, तेव्हा त्याला त्या हेरगिरीत सर्वांत नाट्यमय वाटले ते मुलांशी खोटे बोलणे. त्याच्या पटकथा सीआयएच्या छाननी मंडळाकडे तपासणीसाठी जात असत. सदानंदराव, आपण म्हणता ते अर्धसत्य कदाचित त्यामुळेच इतके खरे वाटते. ते लिहिणाऱ्याने ती घरे आतून पाहिली होती.

मला मात्र त्या प्रसंगातील एका वेगळ्याच गोष्टीने हलवले. सर्व ऐकून झाल्यावर पेज आईवडिलांना म्हणते की, रशियनमध्ये काहीतरी बोलून दाखवा. ते बोलतात. त्या क्षणापर्यंत त्या घरात ती भाषा एकदाही तिच्या कानावर पडलेली नाही. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून त्यांनी एकमेकांशीसुद्धा इंग्रजीच बोलायचे, असा त्यांना दंडक आहे. म्हणजे मूल जन्मले तेव्हा आईने अंगाई गायली असेल ती परक्या भाषेत. मूल पडले, रडले, तापाने फणफणले, तेव्हा तोंडातून आपसूक येणारा शब्द तिने गिळला असेल आणि दुसरा शोधून उच्चारला असेल. मला हे कळते, कारण आमच्या घरात कोणाचाही दंडक नसताना तसेच झाले. कामाच्या घाईत, शाळेच्या सोयीसाठी, आम्ही मुलांशी इंग्रजी बोलत गेलो. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना माझे वडील वारले. सांगलीहून फोन आला तेव्हा मी बहिणीशी मराठीत बोलत रडत होतो आणि तो दारात उभा राहून पाहत होता. नंतर त्याने मला विचारले की, तुम्ही काय म्हणत होता? मी सांगितले. त्यावर तो म्हणाला की, ‘तुम्ही असे बोलता हे मला माहीतच नव्हते.’ मराठी मला येते हे त्याला अर्थातच ठाऊक होते. तो माझ्या त्या आवाजाबद्दल बोलत होता. पेजच्या चेहऱ्यावर हॉली टेलर जे भाव आणते, तेच मी त्या दिवशी दारात पाहिले होते.

शेवटच्या भागाबद्दल थोडे लिहून थांबतो. ‘स्टार्ट’ या भागात पळून जायची वेळ येते आणि हेन्रीला इथेच ठेवायचे ठरते, कारण त्याचे आयुष्य इथलेच आहे. त्याला ते फोन करतात. तो मित्रांबरोबर खेळण्यात दंग असतो आणि हा निरोपाचा फोन आहे हे त्याच्या गावीही नसते. पेज त्यांच्यासोबत कॅनडाच्या आगगाडीत बसते, पण सरहद्दीवरच्या स्थानकात पासपोर्ट तपासले जात असताना ती उतरते, आणि गाडी सुटल्यावर एलिझाबेथला ती फलाटावर उभी दिसते. पुढे मॉस्कोबाहेर रस्त्याच्या कडेला दोघे उभे राहतात आणि सवय होईल, असे एलिझाबेथ म्हणते, ते रशियनमध्ये. आपली भाषा तिला परत मिळते, पण ती कळून घेऊ इच्छिणारे मूल तोपर्यंत दुसऱ्या खंडात राहिलेले असते.

प्रतिसाद : मंजिरी_डोंबिवली

मी येथे सहसा फक्त वाचते. रेवतीताईंचा प्रश्न वाचल्यावर मात्र लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण पेजच्या वयाची असताना मी त्या टेबलाशी बसलेली आहे.

माझे वडील एका खाजगी कंपनीत हिशेबनीस होते. मी दहावीत असताना त्यांची नोकरी गेली. घरात आजी होती, धाकटा भाऊ होता, आणि चाळीत सगळ्यांचे सगळ्यांना कळत असे. बाबांनी ठरवले की, दुसरी नोकरी मिळेपर्यंत कोणालाही सांगायचे नाही. ते रोज नेहमीच्या वेळी डबा घेऊन नेहमीच्या लोकलला जात आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी परत येत. दिवसभर ते वाचनालयात बसत, अर्ज लिहीत. असे आठ महिने चालले.

मला संशय आला तो डब्यावरून. संध्याकाळी डबा घासण्याचे काम माझ्याकडे होते. पूर्वी डब्यात हमखास काहीतरी परके असे, कोणीतरी दिलेल्या लोणच्याचा खार, शेजारच्या टेबलावरच्या चटणीचा डाग, कधी वाढदिवसाच्या पेढ्याचा तुकडा. आता डब्यात फक्त आमच्याच घरचा वास असे. बाबा एकटे जेवत होते. मी आईला विचारले. तिने ओट्याशीच, पाठ माझ्याकडे ठेवून, कुकरची शिटी होत असताना सांगितले. आणि लगेच म्हणाली की, आजीला कळता कामा नये, बंडूला तर मुळीच नाही, आणि बाबांनाही कळू देऊ नकोस की तुला कळले आहे.

रेवतीताई, त्या आधीचे दिवस मी काळजीत काढले होते आणि नंतरचे महिने कामावर असल्यासारखे काढले. आजी सहज विचारायची, ‘आज उशीर का झाला ग त्याला?’ आणि मी म्हणायचे, ‘महिनाअखेर आहे ना आजी, हिशेब असतात.’ ते इतक्या सहज जमायला लागले की, त्याची मला भीती वाटू लागली. भावाने सहलीसाठी पैसे मागितले तेव्हा, माझी परीक्षा आहे, घरात गडबड नको, असे सांगून मीच त्याला गप्प केले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हेन्रीला सगळे बाहेर ठेवतात आणि पेज त्याच्याकडे पाहते, असे प्रसंग मालिकेत आले की मला बंडू आठवतो. ज्याला माहीत नसते त्याला निदान झोप लागते.

तरी तुमच्या मुलीचे म्हणणे मला पूर्ण चुकीचे वाटत नाही. आईने मला टोलवले असते, ‘काही नाही ग, तुला उगीच वाटते’ असे म्हटले असते, तर मी स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवणे सोडले असते. डबा खरा होता. तो मी वाचला होता. पेजचेही तेच आहे. तिने तीन पर्वे जे पाहिले ते खरे होते, आणि एवढे तरी तिला त्या स्वयंपाकघरात मिळाले. मला राग येतो तो सांगितल्याचा नाही. सांगताना आईने माझ्याकडे तोंड केले नाही आणि नंतरच्या आठ महिन्यांत एकदाही विचारले नाही की, तुला हे जड जाते का, याचा येतो. मालिकेत पेज काही आठवड्यांतच कोसळते आणि तिसऱ्या पर्वाच्या शेवटी पाद्री टिमला फोन करून, ते रशियन आहेत, असे सांगून मोकळी होते. शेजारच्या खोलीत दूरचित्रवाणीवर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचे 8 मार्च 1983 चे भाषण चालू असते आणि एलिझाबेथ ते टक लावून ऐकत असते. मुलगी भिंतीपलीकडे काय बोलते आहे याचा तिला पत्ता नसतो. पुष्कळ जणांना तेव्हा पेजचा राग आला होता. मला नाही आला. माझ्याजवळ पाद्री टिम असता तर मीही तो फोन केला असता.

प्रतिसाद : रेवती_स

सर्वांचे आभार. हेमंतराव, विमानात बसल्यावर आपला देश कळलेल्या त्या मुलांविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. सदानंदराव, जॅरेडचा धागा मी विसरून गेले होते. तो लक्षात घेऊन हा भाग पुन्हा पाहिला, तेव्हा एलिझाबेथच्या प्रत्येक वाक्याआधीचा तो बारीकसा थांबा मला दिसू लागला. फेअरफॅक्सवासी, तुमचा प्रतिसाद मी माझ्या अमेरिकेतल्या भावाला पाठवला आहे.

मंजिरीताई, तुमचा प्रतिसाद मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘आई, गेल्या वर्षीचे तू विसरलीस वाटते.’ मी खरोखरच विसरले होते. मागच्या वर्षी मला छातीत गाठ लागली होती. तपासणीला मी तिलाच सोबत नेले होते, आणि परत येताना रिक्षातच तिला सांगितले होते की, अहवाल येईपर्यंत बाबांना काही बोलू नकोस, ते उगीच घाबरतात. अहवाल अकरा दिवसांनी आला, चांगला आला, आणि माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला. तिने त्या अकरा दिवसांत तिची सत्र परीक्षा दिली होती. मी तिला त्याविषयी नंतर कधीही विचारले नव्हते.

काल रात्री जेवताना तिच्या बाबांना ते सांगितले. ते आधी माझ्यावर रागावले, मग ताटावरून उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.